औताच्या दांडीची गिटार

माझा हात प्रेसमध्ये गेला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. घोटावड्याजवळच्या एका लहान कारखान्यात मी तपासणीच्या कामावर होतो. पत्र्याचे भाग प्रेसखाली दाबून निघायचे, त्यांची मापं बरोबर आहेत का ते बघायचं, एवढंच माझं काम. प्रेसला हात लावायचं मला कारण नव्हतं. त्या दिवशी एक भाग आत अडकला, प्रेस चालवणारा पाणी प्यायला गेला होता, आणि तेवढ्यात आपण सोडवून टाकू म्हणून मी डावा हात आत घातला. पुढचं नीट आठवत नाही. कुणीतरी माझं घड्याळ काढत होतं आणि मी त्याला सांगत होतो, जपून, काच आधीच तडकलेली आहे, एवढं आठवतं.

तर्जनी दुसऱ्या पेरापासून गेली. मधलं बोट आणि अनामिका डॉक्टरांनी शिवून जागेवर ठेवली, पण आतून काहीतरी तुटलं होतं ते तुटलंच. ती दोन बोटं दिसायला बोटं राहिली, वाकायची मात्र बंद झाली. अंगठा आणि करंगळी तेवढी धड. हे दोन हजार पाच सालचं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

घोटावड्यात मी एका शेतकरी कुटुंबाकडे भाड्याने राहत होतो. त्यांनी घरामागे ओळीने चार खोल्या बांधल्या होत्या. बाकीच्या तीन खोल्यांत हिंजवडीला जाणारे नोकरदार. ते सकाळी गाड्या काढून गेले की अंगणात मी आणि घरमालकीण, दोघंच. घरमालक काका दिवसभर बाहेर असायचे; जमिनीची बोलणी चालू होती. काकू पन्नाशीच्या आतल्या, उंच, हाडापेराने मोठ्या. भाताचं खाचर, दोन म्हशी आणि घर हे सगळं त्यांच्याच अंगावर होतं. तोपर्यंत आमचं बोलणं "पाणी आलं का" आणि "चावी ठेवली आहे" याच्यापलीकडे गेलेलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी शर्टाशी झटापट करत होतो. एका हाताने गुंडी लावता येत नाही असं नाही, पण ते शिकावं लागतं, आणि मला ते अजून यायचं होतं. काकू शेणाची पाटी घेऊन दारावरून चालल्या होत्या. थांबल्या. पाटी खाली ठेवली, हात धुऊन आल्या आणि काही न विचारता माझ्या गुंड्या लावू लागल्या. मी मान फिरवली.

"लाजायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "म्हशीला लाज वाटंल, तुला कशाला."

त्याचा अर्थ मला लागला नाही, पण हसू आलं. अपघातानंतर पहिल्यांदाच.

त्या दिवसांत मला काय काय येत नाही याचा रोज नवा शोध लागायचा. काडेपेटीची काडी ओढता येत नव्हती, कारण पेटी धरायला हात नव्हता. कांदा कापता येत नव्हता, तो निसटायचा. कपडे पिळता येत नव्हते. मी ते तसेच निथळत दोरीवर टाकायचो आणि खाली चिखल व्हायचा. दर आठवड्याला दवाखान्यात गेलो की डॉक्टर बोटं हलवून बघायचे आणि म्हणायचे, "बघू." कारखान्यात फोन केला की तिकडून उत्तर यायचं, "साहेब बघतायत." घरी, जळगावकडे, मी काहीच सांगितलेलं नव्हतं. आईचा फोन आला की ओव्हरटाइम चालू आहे, सुट्टी नाही, असं सांगायचो. ती म्हणायची, "जेवत जा वेळेवर." मी हो म्हणायचो.

पंधरा दिवसांनी कारखान्यातले स्टोअरकीपर भेटायला आले. माझ्या लॉकरमधलं सामान त्यांनी एका लाकडी डबीत भरून आणलं होतं. दोन पेनं, कंगवा, एक पट्टी, बसचा पास. डबी मी लगेच ओळखली. आदल्या वर्षी नवं मशिन बसवायला परदेशातून एक गोरा इंजिनियर आला होता. जेवण झालं की तो गेटबाहेर उभा राहून जाडजूड सिगार ओढायचा. जाताना सिगारची रिकामी डबी स्टोअरमध्ये ठेवून गेला आणि तेव्हापासून तिच्यात नट-बोल्टचे वायसर असायचे.

"दुसरं काही सापडलं नाही," स्टोअरकीपर म्हणाले. माझ्या हाताकडे बघायचं ते टाळत होते. "वायसर काय, मी पिशवीत ओतले."

"कामाचं काही कळलं का?"

"साहेब बघतायत," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

डबी हलकी होती. तांबूस पातळ लाकूड, कोपरे सफाईने जोडलेले, झाकणाला पितळेची चिमुकली कडी. आतून तंबाखूचा गोडसर वास येत होता. काकूंनी ती नाकाला लावली.

"मिशरीच्या डबीवानी वास येतोय की," त्या म्हणाल्या. "बरी हाय. ठेव."

माझ्या खोलीत भिंतीला एक गिटार टांगलेली होती. डिप्लोमाला असताना होस्टेलमधल्या एका मुलाकडून मी ती जुनी विकत घेतली होती. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांना हे कळलं तेव्हा त्या अख्ख्या सुट्टीत ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मी काही मोठा वादक नव्हतो. पाच-सात सुरावटी यायच्या, चारचौघांत साथ करता यायची. पण कारखान्यातून आल्यावर अर्धा तास ती मांडीवर घेतली की दिवसभराचा प्रेसचा आवाज डोक्यातून निघून जायचा. आता ती नुसती टांगलेली होती. गिटारच्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या असतात, आणि मला नेमकी तीच बोटं उरली नव्हती. एकदा खाली काढून करंगळीने तार दाबून बघितली. करंगळी थरथरली आणि सूर फुटला तो डब्यावर खडा पडल्यासारखा. मी ती परत टांगली आणि तिच्यावर टॉवेल टाकला.

एक दिवस सहा सीटर रिक्षात बसून पिरंगुटला गेलो. तिथल्या सायबर कॅफेत उजव्या हाताने एकेक अक्षर टिपत, बोटं नसलेल्या माणसाला गिटार वाजवता येते का, असं शोधलं. बऱ्याच वेळाने एक फोटो उघडला. वरून खाली हळूहळू, पडदा सरकावा तसा. एक म्हातारा लाकडी ओट्यावर बसलाय. मांडीवर सिगारची डबी, डबीतून आरपार गेलेली लाकडाची पट्टी, पट्टीवर तीन तारा. आणि डाव्या हाताच्या एका बोटात काचेच्या बाटलीचं कापलेलं तोंड. तारा दाबायच्याच नाहीत, त्या बाटलीने नुसत्या घासत जायच्या, असं खाली लिहिलेलं होतं. तिन्ही तारा आधीच एकमेकींशी जुळवून ठेवायच्या: सा, पंचम आणि वरचा सा.

एक बोट. करंगळी होती माझ्याकडे.

परतताना सहा सीटरमध्ये मी मनातल्या मनात डबीची मापं घेत होतो.

करायला घेतलं आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की हे आपल्याला जमणार नाही. लाकूड कापायचं तर ते कुणीतरी धरावं लागतं. माझा डावा हात फार तर त्यावर ठेवता येत होता, आणि ठेवला की ठणका लागायचा. कारखान्याच्या पॅकिंगच्या लाकडातली एक पांढरी पट्टी मी पूर्वी आणून ठेवली होती. ती पायरीवर ठेवून, गुडघ्याने दाबून करवत चालवली. पट्टी सटकली, करवत पायरीवर आपटली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मी तिथेच बसून राहिलो. रडू येत होतं का, आठवत नाही. पण करवत हातातून खाली ठेवायचंही सुचत नव्हतं.

काकू म्हशींना पाणी दाखवून येत होत्या. थोडा वेळ बघत राहिल्या.

"काय करतुया?"

मी फोटोबद्दल सांगितलं. डबी दाखवली. सांगता सांगता मलाच ते पोरकट वाटायला लागलं.

"म्हंजी तुणतुणं," काकू म्हणाल्या.

"तसंच. तीन तारांचं."

त्यांनी लुगड्याचा काष्टा नीट केला, पायरीवर एक पाय ठेवला आणि पट्टीवर दुसरा. "काप," म्हणाल्या.

त्यांच्या पावलाखाली पट्टी अशी घट्ट बसली की लोखंडी पकडीत धरल्यासारखी. मी कापत गेलो. करवत त्यांच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर चालली होती आणि त्या निवांत समोरच्या डोंगराकडे बघत उभ्या होत्या.

त्यानंतर दुपारी जेवणं झाली की त्या येऊन बसू लागल्या. मी मापं घ्यायचो, खुणा करायचो, त्या धरायच्या. डबीच्या दोन्ही बाजूंना खाच पाडायची होती, पट्टी आरपार जायला. पहिली खाच नीट पडली. दुसरीला मी घाई केली आणि डबीचं लाकूड चरचरत वरपर्यंत फाटलं. काकूंनी चिरेवर बोट फिरवलं, घरात गेल्या आणि सुताराचा पांढरा सरस घेऊन आल्या. चीर जोडून वर त्यांनी केसांचा जुना आगवळ गच्च गुंडाळला आणि दोन दिवस डबीला कुणी हात लावायचा नाही असं मला बजावलं. तारा ओवायची भोकं पाडायला माझ्याकडे गिरमिट नव्हतं. त्यांनी चुलीत खिळा लाल केला, सांडशीत धरला आणि मी केलेल्या खुणांवर एकेक टेकवला. चर्र आवाज, धूर, आणि वाटाण्याएवढं गोल भोक.

मग तारा आणि खुंट्या. त्या मला विकत आणता आल्या असत्या. पुण्यात दुकानं होती. पण बसला लोंबकळत, हात गळ्यात बांधून तिथवर जायचं मला जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर भिंतीवरच्या त्या टॉवेलकडे रोज बघणं नको झालं होतं. मी गिटार खाली काढली आणि काकूंना म्हटलं, हिच्या खुंट्या काढायच्या आहेत.

"चांगली हाय की ही," त्या म्हणाल्या. "मोडायची कशाला?"

"मला वाजवता येणार नाही ही."

"पुढं कवातरी..."

"काकू, नाही येणार."

मी ते तोपर्यंत कुणालाच बोललो नव्हतो, स्वतःलाही. डॉक्टरांचं "बघू" मी धरून बसलो होतो. काकूंनी गिटार मांडीवर आडवी धरली आणि मी स्क्रू सोडवले. मधल्या तीन तारा काढल्या. बाकीच्या तीन सैल होऊन लोंबत राहिल्या. गिटारची ती रिकामी मान बघून मला माझ्या तर्जनीची आठवण झाली आणि मी ती पलंगाखाली सारली.

सगळं बसवलं. तारा डबीपासून उचलून धरायला घोडी म्हणून एक बोल्ट आडवा ठेवला. तारा ओढायला लागलो तशी पांढरी पट्टी वाकायला लागली. आधी थोडी, मग दिसेल इतकी. वरचा सा लागेपर्यंत ती धनुष्यासारखी झाली आणि तारा पट्टीपासून दोन बोटं वर उचलल्या गेल्या. सैल केल्या तर सूर नाही, ताणल्या तर पट्टी नाही. पॅकिंगचं लाकूड ते, ओलं आणि कच्चं. तीन आठवड्यांचं काम होतं.

"दुसरं लाकूड बगू," काकू म्हणाल्या.

"राहू द्या," मी म्हटलं आणि खोलीत जाऊन आडवा झालो. पुढचे आठ-दहा दिवस मी तिकडे बघितलं नाही. काकूही आल्या नाहीत.

त्यांचं वेगळंच चाललं होतं. ओढ्याकाठचं भाताचं खाचर विकायचं ठरलं होतं. काका आणि त्यांचे दोघे भाऊ, तिघांचंही एकमत. एका तुकड्याला काकूंचंही नाव लागलेलं होतं, म्हणून त्यांची सही हवी होती. लागवड, कापणी, झोडणी, सगळं त्यांनी वीस-पंचवीस वर्षं केलेलं, आणि विचारलं मात्र सहीपुरतंच. भिंतीपलीकडून बोलणी कानावर यायची. काकांचा आवाज खाली आणि समजावणीचा. काकूंचा आवाजच नाही.

एका सकाळी त्या इरकली लुगडं नेसून बाहेर पडल्या, सगळ्यांबरोबर जीपमध्ये, पौडला, खाचराच्या खरेदीखतासाठी. दुपार उलटल्यावर परत आल्या. मी दारात बसलो होतो. जीपमधून उतरल्या त्या घरात न जाता सरळ गोठ्यामागे गेल्या. तिथे पत्र्याखाली जुनं औत पडलेलं असायचं. बैल दोन वर्षांपूर्वीच विकले होते, नांगरट ट्रॅक्टरने व्हायची, तरी औत ठेवलेलं होतं. बराच वेळ कुऱ्हाडीचा आवाज येत राहिला. मग काकू आल्या आणि माझ्यासमोर सागाची एक दांडी टाकली. हातभर लांब, हाताळून काळी आणि गुळगुळीत झालेली.

"घे. वाकायची न्हाई ही."

"काकू, ही औताची..."

"आता कशाला लागतुया औत?" लुगड्यावरचा लाकडाचा भुसा त्यांनी झटकला. अंगठ्याला निळी शाई होती. सही येत असूनही त्यांना अंगठाही लावायला लावला होता. "समद्यांनी सांगितलं, सही कर, केली. कुटं करायची तेबी त्यांनीच दावलं. मी वाचलंबी न्हाई."

मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

"दे," त्या म्हणाल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या. तांब्या मी उजव्या हाताने दिला. त्या घोट घोट पाणी पीत बसून राहिल्या. घरात चहा मांडलेला होता, कुणीतरी हाक मारत होतं. त्या गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा कामाला लागलो. साग कापायला कठीण, करवतीला धार नव्हती, चार दुपारी गेल्या. पण दांडी वाकली नाही. तिन्ही तारा ओढल्या, सा लावला, पंचम लावला, वरचा सा लावला, आणि दांडी होती तशी. बोटात घालायला बाटलीचं तोंड कापायची मला भीती वाटली. काच आणि बोटं एकत्र आणायचं धाडस होईना. स्टोअरकीपरना फोन करून मी गोटी पान्याची एक जुनी गोटी मागवली, नटावर बसवतात ती पोकळ लोखंडी नळी. ती करंगळीत नेमकी बसली, अंगठीसारखी, फक्त जड.

पहिल्यांदा वाजवली तेव्हा पुढ्यात काकू आणि एक म्हैस. मी उजव्या अंगठ्याच्या नखाने तारा छेडल्या आणि करंगळी पुढे सरकवली. आवाज वर चढत गेला, कुत्रं विव्हळावं तसा. मी थांबलो.

"हे आसंच वाजतंय का चुकतंय?" काकूंनी विचारलं.

"चुकतंय."

"मंग वाजव परत."

मी वाजवत राहिलो. आठवडाभराने विव्हळणं कमी झालं. करंगळी दुखायची, खांद्यापर्यंत कळ जायची. तीन सूर मात्र जागेवर लागायला लागले.

त्याच सुमारास वडील आले. न कळवता. आमच्या गावचा एक मुलगा हिंजवडीत नोकरीला होता, त्याने कुठूनतरी ऐकून फक्त वडिलांच्या कानावर घातलं होतं. मी पायरीवर बसून वाजवत होतो. काकूंची हाक आली, "आरं, तुजं वडील आल्यात." मागे आबा उभे होते, खांद्याला शबनम, टोपी हातात. रात्रभराच्या एसटीचा सगळा शीण चेहऱ्यावर. मी चटकन डावा हात मागे घेतला. करंगळीतली गोटी फरशीवर पडून घरंगळत त्यांच्या चपलेपाशी गेली. त्यांनी ती उचलली, बघितली आणि मला दिली.

पाणी प्यायले. मग म्हणाले, "दाखव."

मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. शाळेत ते मुलांची नखं तपासायचे तसं.

"दुखतो?"

"आता नाही."

"आईला काय सांगायचं?" ते म्हणाले. "तूच सांग, बेटा. एसटीत पूर्ण वेळ तोच विचार केला. मला काही सुचत नाही."

तीस वर्षं त्यांनी मुलांना पत्रलेखन शिकवलं होतं. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. म्हटलं, "मलाही नाही सुचत, आबा."

काकू ताटं घेऊन आल्या, पिठलं-भाकरी. आबा जेवले. हात धुऊन आल्यावर त्यांनी ती डबी मांडीवर घेतली. सरसाने जोडलेली चीर बघितली, भोकं बघितली, दांडीवर हात फिरवला.

"हे तू केलंस?"

"काकूंनी धरलं. मी केलं."

"वाजव."

मी वाजवलं. त्यांच्यासमोर आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. करंगळी घामाने निसरडी झाली होती, दोनदा चुकलो. ते शेवटपर्यंत ऐकत बसले. "हं," म्हणाले. बरं की वाईट, मला आजतागायत ठाऊक नाही. मग त्यांचं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं. नखं वाढली होती. उजव्या हाताची नखं डाव्या हातानेच कापावी लागतात, आणि ते कुणाला सांगायचं मला जमलं नव्हतं.

"नेलकटर आहे का?"

मी दिलं. त्यांनी चष्मा लावला, माझा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि एकेक नख कापायला लागले. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. अंगठ्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, "आबा, ते राहू द्या. त्याने तार छेडायची असते."

ते थांबले. नेलकटर तसंच उघडं धरून क्षणभर अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्याच्या कडा तेवढ्या घासून गुळगुळीत केल्या आणि नख ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. आईला त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. तिचा फोन आला तेव्हा तिने हाताचं नावही काढलं नाही. "जेवत जा वेळेवर," म्हणाली, आणि बराच वेळ फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

चैत्र लागता लागता कारखान्यातून बोलावणं आलं. साहेबांचं बघून झालं होतं. मला खरेदी विभागात टेबलावर बसवलं. काम वाईट नव्हतं, पण प्रेसच्या बाजूने गेलो की माझे पाय आपोआप भिंतीकडे सरकायचे. बोटं तशीच राहिली.

खाचराभोवती कंपाऊंडची भिंत उभी राहिली. काकूंचा दिवस दुपारपाशी येऊन संपायला लागला. त्यापुढे काय करायचं ते त्यांना समजत नसे. रविवारी मी घरी असलो की पायरीवर येऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "भाताची लावणी करताना आमी म्हनायचो ते वाजतंय का बग ह्येच्यावर." आणि खाली बघत, हळू आवाजात गायल्या. वाफ्यात वाकून, पाय मागे टाकत म्हणायची ती चाल होती. सोपी, चार-पाच सुरांत फिरणारी. मी एकेक सूर शोधत गेलो. चार सापडले. पाचवा जिथे यायला हवा तिथे तार छेडली की डबी नुसतीच थडथडायची, सूर फुटायचाच नाही. बोल्ट पुढे-मागे सरकवून बघितला, तारा बदलल्या, चिरेत पुन्हा सरस भरला. तेवढा एक सूर त्या डबीत नव्हताच. का, ते मला अजून सांगता येत नाही.

"काकू, हा नाही येत," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तितं मी म्हनते."

मग आम्ही तसंच करायचो. मी चार सूर वाजवायचो आणि त्या जागेवर आलो की गोटी तारेवरून उचलायचो. काकू तेवढा सूर गळ्यातून द्यायच्या. गाताना त्या खाचराच्या कंपाऊंडच्या दिशेला बघत नसत. शेजारच्या खोल्यांतले लोक हसत असतील, पण कुणी काही बोललं नाही.

दोन हजार आठमध्ये मला चाकणला नोकरी लागली आणि मी ती खोली सोडली. डबीची गिटार बरोबर नेली. पुढे दोन पावसाळ्यांत डबीचं झाकण मधे खचलं आणि सूर टिकेनासे झाले, म्हणून तारा सैल करून ठेवल्या आहेत. सागाची दांडी अजून सरळ आहे.